कोंडूचा कोरडा ताफा

कोंडू ढोल वाजवायला लागला की समोर उभ्या असलेल्याच्या बरगड्या हलायच्या. औंढ्याच्या वरच्या वाडीत कुणालाही विचारा. म्हाताऱ्या बायका छातीवर हात दाबून उभ्या राहायच्या. गोठ्यातली गुरं दाव्याला हिसके द्यायची. तरणी पोरं एकमेकांना खांद्याच्या धडका देत सुटायची. भांडण नसायचं. हसत हसत धडकायची.

आणि ह्या ताफ्यात प्यालेला माणूस एकही नव्हता. ते मात्र कुणाला खरं वाटायचं नाही.

एके काळी कोंडूलाही वाटलं नसतं.

ढोल त्याच्या घरात आज्यापासून होता. वाडीच्या बहिरोबाची पालखी निघाली की पहिला ठोका ह्यांच्या घरचा, हा मान होता. मानाबरोबर दारूही घरात तशीच चालत आली होती. दारूबंदीचा कायदा होता, पण तो खाली, मोटाररस्त्याला. वर ओढ्याच्या कपारीत भट्टी लागायची आणि धुराकडे कुणी बघायचं नाही. लग्न असो, जत्रा असो, वाजपी आले की यजमानाचा माणूस किटली घेऊन फिरायचा. आधी पाजायचं, मग वाजवून घ्यायचं. न पिता ढोलावर हात उचलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कधी करून पाहिलं नव्हतं, तरी ठाऊक होतं.

कोंडू पोटासाठी रेल्वेत गँगमन होता. लोणावळ्याच्या पुढं घाटात रुळांखालची खडी ठोकून बसवायचं काम. चौघांनी समोरासमोर उभं राहायचं, मुकादमानं हाळी द्यायची आणि चार बीटर, खडी ठोकायच्या जड लोखंडी पहारी, एकदम खडीत उतरवायचे. एक जरी मागंपुढं झाला तर शेजाऱ्याच्या पायावर. दिवसा हे, आणि सांजेला भट्टी. प्याला की कोंडू फार गोड व्हायचा. रडायचा, पाया पडायचा, बायकोचं नाव बाया, तिला म्हणायचा, "बाये, तुला लुगडं आनतो." बायाला असली कितीतरी लुगडी आणून झाली होती.

मग पोरीचं बारसं झालं. भागू नाव ठेवलं. कोंडूला आनंद झाला आणि आनंद झाला म्हणून तो प्याला, आणि प्याला म्हणून त्यानं गळ्यात ढोल घातला. अंगणात नाचत वाजवता वाजवता तो घरात शिरला, उंबऱ्याला ठेचकाळला आणि ढोलासकट पाळण्यावर पडला. पाळण्याची दांडी मोडली. पोर त्याच्या आदल्याच क्षणी बायानं दूध पाजायला उचलली होती.

बाया ओरडली नाही. तिनं मोडक्या पाळण्याकडे पाहिलं, कोंडूकडे पाहिलं. सकाळी तो उठला तेव्हा घरात कुणी नव्हतं. ती पोर घेऊन वलवणला आईकडे गेली होती.

बायाची आई सावित्राबाई. बंगल्याबंगल्यांतून जुनी लुगडी आणून गोधड्या शिवायची. नवरा दगडाच्या खाणीवर घण मारायचा, तो वारून बरीच वर्षं झाली होती. त्याच्यासाठी तिनं एक कायदा केला होता आणि तो सगळ्या वलवणात प्रसिद्ध होता. नवरा सांजेला दारात आला की ती सुई आणि दोरा पुढं धरायची. म्हणायची, "ओव." ओवली तर आत ये, भाकरी खा. नाही ओवली तर प्यालेला आहेस, ओटीवर नीज. त्यावर वाद नाही. लग्न ठरलं तेव्हा बायानं हे हसत हसत कोंडूला सांगितलं होतं.

कोंडू वलवणला गेला. सावित्राबाई दारातच गोधडी पसरून बसली होती. तिनं टाका थांबवला नाही.

"आत्या, चुकलो," कोंडू म्हणाला.

"पावनं, बसा. पानी देते."

सासू जावयाला अहोजाहोच करायची, रागात जास्तच.

"सोडली म्या. शप्पत."

"आता आखाडात कुनी बी कोरडं ऱ्हातं. पावसात भट्टीच पेटत न्हाई. तुमी जत्रंत ऱ्हावा."

"ढोलच सोडतो, आत्या. ढोल सुटला की दारू सुटंल."

तेव्हा तिनं मान वर केली. "सोडलेला ढोल कवा बी परत गळ्यात येतो. मला बगायचंय, त्यो गळ्यात असताना तुमी कोन असता ते. जत्रंला मी येते. कोरडं दिसलात तर पोर तितनंच तुमच्या घरी. प्यालेलं दिसलात तर पंचांम्होरं सोडचिठ्ठी. मंग पुन्यांदा ह्या दारात यायचं न्हाई."

आतून भागूच्या रडण्याचा आवाज आला. बाया बाहेर आली नाही. कोंडू पाणी पिऊन परतला.

कोरड्या तोंडानं ढोल वाजवायचा म्हणजे काय, हे त्याला पाऊस ओसरल्यावर कळलं. माळावर एकटाच गेला. ढोल गळ्यात घातला, उजव्या हातात टिपरू घेतलं, डावी थापी मारली. आणि त्याला आपलं वाजवणं पहिल्यांदा ऐकू आलं. किती घाण! हात पळत होता, ठोका मागं राहत होता. इतकी वर्षं लोकांनी हे ऐकून घेतलं होतं, कारण लोकही प्यालेले होते. तो ढोल उतरवून दगडावर बसला. घशाला कोरड पडली. ओढ्याकडे जाणारी वाट समोर दिसत होती.

त्या दिवशी त्याला अडवलं ते सोपानानं. सोपान त्याच्याच गँगमधला, रुळाच्या पलीकडे समोर उभा राहणारा. तो शेळ्या बघत आला होता.

"काय कोंड्या, ढोल मेला का तुजा?"

"हात यीना."

"घाटात यितो की."

"तितं मुकादम असतोय."

"मंग मी हाळी देतो," सोपान म्हणाला आणि दगडावर चढून त्यानं मुकादमाच्या आवाजात हाळी दिली. कोंडूचा हात आपोआप उठला आणि खाली आला. बीटर उतरतो तसा. सावकाश, जड, सगळं अंग घालून. मधे मोकळी जागा. पुन्हा हाळी. पुन्हा ठोका. सोपान हसायचा थांबला.

"आरं, पोटात गेलं की हे," तो म्हणाला.

तिथून ताफा सुरू झाला. सोपाननं ढोल घेतला. मग हौशीराम आला. त्याचा बाप भट्टीच्या वाईट दारूनं डोळे जाऊन मेला होता. हौशीराम बोलायचा कमी, हाणायचा जास्त. मागून आणखी दोघंतिघं. ताशा नाही, सनई नाही. नुसते ढोल आणि एक झांज. सगळ्यांनी एकदम, एकाच जागी ठोका घालायचा, घाटातल्यासारखा. अट एकच, प्यायची नाही, तंबाखूसुद्धा नाही. अट कोंडूनं घातली नव्हती. प्यालेला माणूस त्या ठोक्यात बसेचना. एक जण पिऊन आला आणि सगळ्यांच्या मधे फुसका पडला. हौशीरामनं त्याच्या गळ्यातला ढोल न बोलता काढून घेतला.

कोंडूला ह्या वाजवण्याची ओढ लागली. दारू लाज घालवायची, पण सकाळी ती परत उशाशी बसलेली असायची. ढोलानं लाज जायची नाही. ती दंडात उतरायची. पाळण्याची मोडलेली दांडी डोळ्यांपुढं यायची आणि तो टिपरू हाणायचा. बायाची ती नजर यायची आणि तो हाणायचा. शेजारी हौशीराम बापाला हाणत असायचा, की बापासाठी हाणत असायचा, कोण जाणे. प्रत्येकाचा राग वेगळा आणि ठोका एक. वाजवून झालं की सगळे माळावर उताणे पडायचे, ढगांकडे बघत. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. असं हलकं कोंडूला दारूनं कधी वाटलं नव्हतं. घरी आला की झोप लागायची. मोकळ्या घरातसुद्धा.

रेल्वेच्या कचेरीत दीनानाथ म्हणून एक कारकून होता. तळेगावचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला, चष्मेवाला, काडीसारखा. सोपाननं एका रविवारी त्याला माळावर आणलं. दीनानाथ रुमाल अंथरून बसला. पहिल्या ठोक्याला त्याचा चष्मा नाकावरून घसरला. थोड्या वेळानं तो उभा राहिला. मग ऐकायला आलेल्या पोरांच्या धडकाधडकीत शिरला आणि पालथा पडला. उठून पुन्हा शिरला. वाजवणं थांबल्यावर त्याला शब्द सुचेना. बी.ए. झालेल्या माणसाची ही मोठीच पंचाईत.

"काय वाटलं, सायेब?" कोंडूनं विचारलं.

"पोटातून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं."

"मंग ओ द्या की!" सोपान म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. तेव्हापासून दीनानाथ दर रविवारी यायचा. कोंडू त्याच्याशी बोलायचा, बायाबद्दल, भागूबद्दल. दुसऱ्या कुणाशी ते बोलणं होत नसे.

ताफ्याला सुपाऱ्या येऊ लागल्या. सोमाटण्याला एका लग्नात भानगड झाली. यजमानाचा माणूस किटली घेऊन आला आणि ह्यांनी पेले उपडे घातले. यजमानाला तो अपमान वाटला. आमची दारू कमी प्रतीची आहे का? मारामारीच व्हायची. पुढच्या लग्नाला हौशीरामनं पानवाल्याकडून चुना घेतला आणि प्रत्येकाच्या मनगटावर दोन आडव्या रेघा ओढल्या. किटलीवाल्यानं रेघा बघायच्या आणि पुढं जायचं. बोलाचाली नको. पुढं गंमत अशी झाली की त्या रेघा पोरांना आवडल्या. ऐकायला येणारी पोरंही मनगटावर चुना ओढून यायला लागली. त्यातली कितीतरी खिशात बाटली घेऊन यायची. लोक ताफ्याला कोरडा ताफा म्हणू लागले, काही कौतुकानं, काही डोळा मारून.

हे सगळं वलवणला पोचत होतं. सावित्राबाई म्हणाली, "चुना काय, लोक भितीला बी लावत्यात."

चैत्र आला. जत्रेच्या आदल्या दिवशी कोंडू भगताकडे गेला. धोंडिबा भगत वाडीचा म्हातारा पुजारी. देवाचं सगळं तोच बघायचा आणि देवाच्या वाटणीची दारूही तोच बघायचा.

"आबा, औंदा आमी कुनी घेनार न्हाई. तीर्थ म्हनून बी न्हाई."

"नका घेऊ," भगत म्हणाला. "देवाला मागं लागायची सवय न्हाई."

"आन ढोलावर बी नका वतू."

रीत अशी होती की पालखी उचलायच्या आधी देवाच्या दारूतली पहिली धार ढोलावर ओतायची. ढोलाला पाजल्याशिवाय पहिला ठोका नाही.

भगतानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आरं कोंड्या, शप्पत तू घेतलीस. ढोलानं कवा घेतली? त्यो तुज्या आज्याच्या आदीपसनं पितोय."

बसलेले सगळे हसले. देवाच्या कामात वाद कसा घालायचा? तो घरी आला. पितळी घासून ठेवल्या. सुताराकडून पाळण्याला नवी दांडी बसवून घेतली होती, ती पुन्हा एकदा हलवून बघितली.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर पालखी सजली. कोंडू कोरा सदरा घालून ढोल गळ्यात घालून उभा होता. मनगटावर रेघा. गर्दीत त्यानं शोधलं. वाटेच्या वळणावर जांभळीखाली सावित्राबाई उभी होती, पदर खोचून, पंचासारखी. शेजारी बाया, तिच्या कडेवर भागू. भागू किती मोठी झाली होती!

तेवढ्यात भगत आला. तो सकाळपासून देवाच्या बरोबरीनं घेत होता. देवाच्या दारूचा लोटा वर झाला. नेहमी धार पडायची, ह्या वेळी भगताचा हात सैल सुटला आणि अख्खा लोटा पडला. ढोलाचं कातडी पान भिजलं, सदरा भिजला, धोतर भिजलं. उन्हानं वास वर आला, मोहाचा, आंबूस.

"पी बाबा, पी," भगत ढोलाला म्हणाला. "ह्यांचं बी तूच पी."

पालखी उचलली. कोंडूनं पहिला ठोका घातला आणि ओल्या पानावरून शिंतोडे उडून त्याच्याच तोंडावर आले.

भिजल्यानं ढोलाचा आवाज आणखी खाली गेला होता. जमिनीतून आल्यासारखा. सोपान, हौशीराम आणि बाकीचे त्याच्या ठोक्यावर येऊन बसले. असं त्यांनी आजवर वाजवलं नव्हतं. पालखी हलली. पोरं धडकायला लागली, गुलाल उडाला. कोंडूचे डोळे गुलालानं लाल झाले. तो तोंड वासून ओरडत होता, पाय आपटत होता. घाम आणि दारू सदऱ्यातून निथळत होती. दीनानाथ टोपी हरवलेल्या अवस्थेत मधे कुठंतरी उड्या मारत होता.

जांभळीखालून हे कसं दिसलं असेल? लाल डोळे, ओरडणं, झोकांड्या, आणि वारा नेमका तिकडंच वाहत होता.

कोंडूनं पाहिलं. सावित्राबाईनं नाकाला पदर लावला. मग बायाचा दंड धरला आणि ती वळली. दोघी उताराला लागल्या. कडेवरची भागू मागं वळून ढोलाकडे बघत होती.

पालखी देवळाच्या पायरीला लागेपर्यंत ढोल थांबवायचा नाही. थांबला तर वाडीला वर्षभर घोर. कोंडूचा हात चालूच राहिला. पण हाक मारायला तोंड होतं.

"दीनानाथराव! त्यान्ला थांबवा! म्हनावं, वतलंय अंगावर!"

दीनानाथला ढोलाच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं. पण कोंडूचं तोंड बघून बाकीचं कळलं. तो धावला. ओढ्याच्या अलीकडे त्यानं दोघींना गाठलं. धापा टाकत, गुलालानं माखलेला, चष्मा एका कानावर.

"आजी, तुमचा गैरसमज होतो आहे. कोंडूनं आषाढापासून थेंबही घेतलेला नाही. ती दारू ढोलावर ओतलेली आहे."

सावित्राबाईनं त्याला नखशिखान्त पाहिलं. "तू कोन?"

"मी त्याचा मित्र. रेल्वेत कारकून आहे."

"सरकारी मानूस आन ह्यो अवतार! तू बी त्याच्यातलाच. तोल बग आदी सोताचा."

दीनानाथचा तोल खरंच जात होता. पायात काटा मोडला होता. पण तो वाटेतून हलला नाही. बाया खाली बसली, भागूला मांडीवर घेऊन. आई दंड ओढत होती तरी उठली नाही.

"आजी, एकदा परीक्षा तरी घ्या. न बघता निकाल लावू नका."

सावित्राबाई थांबली. ती कडक होती, पण खोटी नव्हती. न बघता निकाल लावणं तिला आवडायचं नाही. तिनं पोलक्याच्या शिवणीला खोचलेली सुई चाचपून पाहिली. रानवाटेला काटे काढायला ती सुई जवळ ठेवायचीच.

"चल," ती म्हणाली. "सुईच सांगंल."

तिघं देवळाशी पोचली तेव्हा पालखी पायरीला लागली होती. ढोल नुकतेच थांबले होते. कानात नुसती हवा भरल्यासारखं वाटत होतं. कोंडू ढोल सोडून उभा होता, दम खात. सावित्राबाई समोर आली. पदराच्या काठाचा एक दोरा तिनं ओढून काढला आणि सुईबरोबर पुढं धरला.

"पावनं, ओवा."

कोंडूच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुई! एवढंच? नऊ महिन्यांचा कोरडा माणूस, डोळे धड, उजेड भरपूर. तो चक्क हसला. त्यानं सुई घेतली, दोरा ओठात ओला केला, टोक पिळलं आणि सुईच्या नेढ्याशी आणलं.

दोरा नाचत होता. कोंडूनं हात आवरला. सुई नाचायला लागली. दोन्ही हात, बोटांपासून खांद्यापर्यंत, थरथर कापत होते. दीड कोस वाट तो ढोल हाणत आला होता. ते हात आता त्याचे नव्हतेच. त्यानं कोपरं पोटाशी दाबली, श्वास धरला. दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा. पुन्हा बाजूनं.

सावित्राबाईनं सुई परत घ्यायला हात पुढं केला.

"आत्या, देवाशप्पत—"

"हिचा बा बी असंच म्हनायचा," ती म्हणाली.

सोपान पुढं घुसला. "आना हिकडं! म्या ओवतो. म्या बी कोरडाच हाय." त्यानं सुई घेतली आणि ती त्याच्या बोटातून खाली पडली. शोधून काढली. दोरा सुईच्या आसपाससुद्धा जाईना. हौशीरामनं घेतली. त्याच्या हातात दोऱ्याचे दोन फाटे झाले. झांजवाल्यानं घेतली, त्यानं आपल्याच अंगठ्यात खुपसली. लोक हसायला लागले.

"म्हंजी समदेच प्यालेत की," सावित्राबाई म्हणाली. "आन चुना लावून फिरत्यात."

"कुनाला सुई ओवायची?" मागून आवाज आला. धोंडिबा भगत होता. दोन माणसांच्या खांद्यांवर लोंबत तो पुढं आला. डोळे अर्धे मिटलेले. "मला द्या. देवाचा झगा मीच शिवतो."

कुणीतरी गंमत म्हणून सुई त्याच्या हातात दिली. भगतानं ती उन्हाकडे धरली. एक डोळा मिटला. हात दगडासारखा स्थिर. दोरा एका झटक्यात आरपार गेला.

"हां," भगत म्हणाला. "सोपं तर हाय." आणि पायरीवर बसता बसता तो आडवाच झाला.

अख्खी जत्रा हसली. गडगडाट झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दीनानाथ एका पायावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. हसली नाही ती एकटी सावित्राबाई. ती ओवलेल्या सुईकडे बघत उभी होती. मग घोरणाऱ्या भगताकडे. मग तिनं कोंडूचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा केला. तळव्याला फोड आले होते. हाताची थरथर तिच्या हातात उतरली.

"ह्ये असं किती येळ हालतं?"

"सांजपातूर, आत्या. झोपलो की थांबतं."

तिनं सोपानाकडे पाहिलं. तिचा आवाज खाली गेला होता. "घन मारल्यावर बी? खानीवर?"

"घन तर लय वाईट, मावशी," सोपान म्हणाला. त्याला काय विचारलं जातंय हे कळलं नव्हतं. "दिसभर घन मारला तर भाकर धरवत न्हाई. सुई कुटली ओवतोय!"

सावित्राबाई पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला, पण ह्या वेळी वासासाठी नाही. बायाला कळलं. ती येऊन आईजवळ बसली.

"लय डाव म्हनायचा गं," सावित्राबाई म्हणाली. "सावित्रे, आज न्हाई घेतली. मी म्हनायची, मंग ओव. त्यो ओवायचा बगायचा. आन मंग घोंगडी घिऊन गप भाईर जायाचा. पुसाच्या थंडीत."

"समद्या दिसांचं तसं नसंल, आये," बाया म्हणाली. "प्यायचा बी की."

"प्यायचा. पर कंच्या दिशी प्यायचा न्हाई ते आता कुनाला इचारू?"

देवळात घंटा वाजत होत्या. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि बायाला कोपरानं ढोसलं.

"तुला काय वाटलं? ह्यो प्यालाय का न्हाई?"

"न्हाई."

"आता म्हनतीस!"

"मगाचपसनं ठावं हाय. प्याला की ह्यो लोन्यावानी मऊ व्हतो. रडतो, लुगडं आनतो म्हनतो. एवडा चिडून ह्यो कवा वाजवत न्हाई प्यालेला."

"मंग बोललीस का न्हाई, भवाने?"

"दंड सोडलास कुटं तू? आन बोलले असते तर ऐकलं असतंस?"

सावित्राबाईला हसू आलं. रडता रडताच आलं, त्यामुळं ते विचित्र दिसलं. कोंडू अजून तसाच उभा होता, न्यायाची वाट बघत. पाय सुद्धा कापायला लागले होते.

"बसा की आता, पावनं," ती म्हणाली. "पडशिला. पोर तुमचीच हाय, बायकू बी तुमचीच. न्या घरी."

कोंडू बसला नाही, कोसळलाच. इतक्या महिन्यांचा श्वास एकदम बाहेर पडला. भागू आईच्या मांडीवरून रांगत निघाली, पण त्याच्याकडे नाही, ढोलाकडे. तिनं ओल्या पानावर दोन्ही हात आपटले. आवाज आला. ती दचकली, बघत राहिली आणि पुन्हा आपटले.

"घे तिला," बाया म्हणाली.

"नगं. हात धड न्हाईत. पडंल."

"मंग मांडीवर ठिवते. तू धरू नगंस. नुसता बस."

त्यानं पाय पसरले आणि बायानं पोर त्याच्या मांडीवर ठेवली. तो हात बाजूला धरून बसून राहिला, नव्या नवरदेवासारखा अवघडून. भागूनं त्याच्या मनगटावरचा चुना खरवडून बघितला.

सावित्राबाईनं फडकं सोडलं. वलवणहून आणलेली भाकरी आणि ठेचा होता. सोपानाला, हौशीरामला, लंगडणाऱ्या दीनानाथला, सगळ्यांना तिनं जवळ बोलावलं. कोंडूपुढं भाकरी ठेवली. त्यानं ती उचलायचा प्रयत्न केला आणि ती हातातच हेलकावे खायला लागली. पोरं पुन्हा हसली.

"हसू नगा रं," सावित्राबाई म्हणाली.

तिनं भाकरी त्याच्या हातातून काढून घेतली. मोडली, बारीक तुकडे केले, प्रत्येकाला ठेचा लावला आणि एकेक तुकडा त्याच्या तोंडाशी धरू लागली. सासूनं जावयाला भरवायची रीत औंढ्यातही नव्हती आणि वलवणातही. बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. सावित्राबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"सावकाश खावा," ती म्हणाली. "घाई कुटं हाय. हात थांबू द्या, मंग निगू समदी."